पाव सेकंद

पडद्याच्या तळाशी एक पट्टी असते. उघडी कामे, घड्याळ, सुरुवातीचे बटण तिच्यावर असते. 24 ऑगस्ट 1995 रोजी विंडोज 95 बाजारात आले आणि टास्कबार या नावाने ही पट्टी जगभर पोचली. ती लपवण्याची सोयही तेव्हापासूनच आहे. माउस दूर असला की पट्टी कडेखाली जाते. माउस कडेला टेकला की वर येते.

तेव्हाचे पडदे लहान होते. 480 पिक्सेल उंचीच्या पडद्यावर 28 पिक्सेलची पट्टी म्हणजे सतरावा हिस्सा. मजकुराची एक पूर्ण ओळ तिच्याखाली जात असे. जागेची टंचाई खरी होती. आजचे पडदे त्याच्या दुपटीहून उंच आहेत, तरी पट्टी लपवणारे आहेतच. टंचाईत लागलेली सवय सुबत्तेत आवड म्हणून टिकते.

या आवडीला कारण आहे. घड्याळ समोर असले की वेळ वाचली जाते. न वाचलेल्या संदेशांचा आकडा समोर असला की तो मोजला जातो. डोळ्यांपुढे जे आहे त्याला मन उत्तर देत राहते, ओठ मिटलेले असले तरी. पट्टी लपवली की मजकूर आणि माणूस एवढेच उरते. लिहिणाऱ्याला याहून जास्त काही नको असते.

ओएलईडी पडदा घेणाऱ्याला तर पट्टी लपवण्याचा सल्ला दिलाच जातो. एकाच जागी तेच चित्र दिवसेंदिवस राहिले की त्याची छाप पडद्यावर कायमची उमटू शकते. डोळ्यांच्या मागेही काही तरी असेच उमटत असावे.

लपणे सोपे आहे. परत कधी यायचे हे ठरवणे अवघड आहे.

पट्टीला माणूस दिसत नाही. तिला माउसच्या बाणाची जागा कळते, तीही दोन आकड्यांत. किती आडवा, किती उभा. एवढ्यावरून तिने ओळखायचे असते की हा आपल्याकडे आला आहे की जवळून चालला आहे.

माणसेही एकमेकांबद्दल बहुधा एवढ्यावरच ठरवतात. कोण कुठे उभा आहे हे दिसते. का उभा आहे हे दिसत नाही. जागेवरून हेतू ओळखण्याच्या घाईतून बहुतेक गैरसमज जन्मतात.

1954 मध्ये पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने माणसांच्या हाती लेखणीसारखी सळई देऊन धातूच्या दोन पट्ट्यांवर ती आळीपाळीने टेकवायला सांगितली. पट्ट्या जितक्या अरुंद आणि जितक्या दूर, तितका हाताला वेळ जास्त. हा संबंध त्याने गणितात बसवला. 1978 मध्ये कार्ड, इंग्लिश आणि बर या तिघांनी तोच नियम माउसलाही लागू पडतो हे दाखवले.

या नियमात पडद्याच्या कडेला विशेष स्थान आहे. बाण कडेपलीकडे जात नाही. त्यामुळे तिथे पोचताना हाताला वेग आवरावा लागत नाही. कितीही जोरात लोटले तरी बाण कडेलाच थांबतो. कडेवरची वस्तू दिसायला अरुंद असते, गाठायला मात्र अमर्याद खोल. मॅकिन्टॉशचा मेनू 1984 पासून पडद्याच्या वरच्या कडेला चिकटलेला आहे. त्याला हाच लाभ मिळतो.

जे सहज गाठता येते तिथे चुकूनही पोचले जाते. सुलभतेची ही किंमत आखणारे सहसा आधी मोजत नाहीत.

हिशेबाच्या फाइलीत शीटची नावे अगदी खाली असतात, तळाच्या कडेलगत. हात मार्च महिन्याच्या शीटकडे जातो. बाण किंचित खाली घसरतो. पट्टी वर येते आणि नावांवर पसरते. बोट तोवर दाबले गेलेले असते. मार्चच्या जागी ब्राउझर उघडतो. ज्यांचा दिवस अशा फाइलींत जातो त्यांना हे नव्याने सांगावे लागत नाही.

यात दोष कोणाचाच नाही. डोळ्यांनी बदल पाहून हाताने थांबायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. पट्टी त्याआधी येऊन बसते. निघालेली क्लिक परत बोलावता येत नाही.

तत्पर सेवा पुष्कळदा अशीच हातातल्या कामावर येऊन पडते. वेळेआधी आलेली मदत अडथळा होते, आणि मदत करणाऱ्याला हे सांगणे सर्वांत कठीण असते. म्हणून ते सांगितले जात नाही. घरे वर्षानुवर्षे अशा न सांगितलेल्या गोष्टींवर चालतात.

उपाय साधा होता. पट्टीने थोडे थांबावे. बाण कडेला टेकला म्हणून लगेच वर येऊ नये. तेवढ्यात तो निघून गेला तर तो वाटेनेच चालला होता. टिकला तर आला आहे.

लिनक्सवरच्या ग्नोम डेस्कटॉपसाठी डॅश टू डॉक नावाची एक जोडणी मिळते. तिच्यात हा थांबा मुळात 0.25 सेकंदांचा ठेवलेला आहे. माणसाच्या हाताला स्वतःची चूक कळून सावरायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच यंत्राने त्याला दिलेला आहे. याहून न्याय्य माप सापडणे कठीण.

असा थांबा म्हणजे शंकेला दिलेली जागा. शंका घेणारा मंद दिसतो. तो समोरच्याला मत बदलायला अवसर देत असतो.

पण माणसाला हा अवसर जाणवतो तो उशीर म्हणून. संगणकाने किती वेळात उत्तर द्यावे यावर रॉबर्ट मिलर यांनी 1968 मध्ये लिहिलेला निबंध आजही आधाराला घेतला जातो. दशांश सेकंदाच्या आत आलेले उत्तर माणसाला तत्क्षणी आल्यासारखे वाटते, हा या विषयातला ठरून गेलेला आकडा. पाव सेकंद त्याहून जास्त आहे. पट्टी थांबली हे माणसाला कळते. तिच्या थांबण्याने कोणती चूक टळली हे कळत नाही. टळलेल्या चुकीचे श्रेय कोणालाच मिळत नाही. जे आयुष्यभर चुका टाळत आले त्यांचे चरित्र म्हणूनच कंटाळवाणे वाटते.

विंडोजमध्ये उपमेनू उघडण्याआधी असाच थांबा असतो. तो मुळात 400 मिलिसेकंदांचा. हा आकडा सेटिंगच्या खिडकीत नाही. तो रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत आहे, जिथे जाताना सामान्य माणूस घाबरतो, आणि घाबरणे योग्यही आहे. तरी लोक वर्षानुवर्षे तिथे उतरून तो शून्य करत आले आहेत. शून्य केल्यावर मेनू बाणाखाली भराभर उघडतात आणि मिटतात. नजर कुठे ठेवावी कळत नाही. मग त्यांतले काही पुन्हा उतरतात आणि शून्याच्या जागी 100 किंवा 200 लिहितात.

वेग मागणाऱ्याला बहुधा वेगच हवा असतो असे नाही. आपल्याला थांबवून ठेवले आहे ही जाणीव त्याला सोसत नाही. स्वतः निवडलेला थांबा तेवढाच लांब असला तरी सोसवतो. ज्याने शून्याचे 200 केले त्याची नंतर तक्रार नसते.

9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट यांनी माउस जाहीरपणे दाखवला, तेव्हा त्याला बटणे होती. हलवणे ही एक कृती, दाबणे ही दुसरी. हलवण्याने दाखवायचे, दाबण्याने मागायचे. लपणाऱ्या पट्टीने ही वाटणी मोडली. तिने येण्यालाच मागणी मानले.

फोनवर ही अडचण नाही. बोट काचेवर टेकलेले असते किंवा नसते. ते काचेवरून तरंगत जाते तेव्हा काचेला त्याचा पत्ता नसतो. माउसचा बाण मात्र सतत कुठे तरी असावाच लागतो. हात नुसता ठेवलेला असला तरी बाण कशावर तरी उभा असतो, आणि ज्यावर उभा आहे ते त्याला प्रश्न विचारू लागते.

नजरेने संगणक चालवण्याचे प्रयोग अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधनशाळेत झाले. त्यांबद्दल 1990 मध्ये लिहिताना रॉबर्ट जेकब यांनी एका अडचणीला मिडास राजाचे नाव दिले. जिथे नजर पडेल तिथे काही तरी सुरू होते. हात लावील ते सोने, म्हणून घासही सोन्याचा. नुसते पाहण्याची मुभाच उरत नाही.

पाहणे आणि मागणे यांतला फरक पुसला जाणे ही शिक्षा आहे. लहान गावात ती पुष्कळांनी भोगली आहे. तिथे एखाद्या दारापाशी थांबलेले पाऊलही बातमी होते. शहराकडे जाणाऱ्या कितीतरी जणांना पैशाहून ही मुभा जास्त हवी असते: कुठेही उभे राहावे आणि त्याचा कोणी अर्थ लावू नये.

थांब्यातही उणीव आहे. थांबलेला प्रत्येक जण आलेला नसतो. वाचताना हात माउसवर विसावतो. बाण कडेला पडून राहतो. तो काहीच मागत नसतो. केवळ वेळ मोजणाऱ्याला विसावा आणि प्रतीक्षा यांतला फरक कळत नाही.

दोन पडदे शेजारी ठेवून काम करणाऱ्यांना आणखी एक अडचण बोचली. दोन पडद्यांच्या मधली कड ही कड राहतच नाही. बाण तिच्यावरून सरळ पलीकडे निघून जातो. त्या जागेवर काही लपवले असेल तर ते कधी नको असताना येते, कधी हवे असताना हाताशी लागत नाही.

उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या एप्रिल 2012 मध्ये आलेल्या 12.04 आवृत्तीने यावर वेगळी वाट काढली. उबुंटूची पट्टी, तिला तिथे लाँचर म्हणत, डाव्या कडेला असे. तिथे एक अदृश्य बांध घातला. बाण बांधाशी अडतो. हात तरीही पुढे लोटत राहिला तर ते लोटणे मोजले जाते. ठरलेल्या मापापर्यंत पोचले की लाँचर बाहेर येतो. मार्च 2013 च्या ग्नोम 3.8 ने तळाच्या संदेशपट्टीसाठी हाच मार्ग घेतला. डॅश टू डॉकमध्ये हे माप मुळात 100 पिक्सेलचे आहे.

हे शंभर पिक्सेल पडद्यावर कुठेच नाहीत. बाण जागचा हललेला नसतो. हात मात्र टेबलावर पुढे सरकत असतो, आणि यंत्र हाताचे ते न दिसणारे सरकणे मोजत असते. संगणकाच्या घडणीत माणसाच्या मनाच्या इतक्या जवळ पोचलेल्या जागा मला थोड्याच माहीत आहेत.

आधी बाण कुठे आहे यावरून हेतू ओळखायचा प्रयत्न झाला. मग तो तिथे किती वेळ आहे हे पाहिले गेले. त्यानंतर उमगले की हेतू अडवल्यावर दिसतो. वाट मोकळी असेपर्यंत सगळ्यांचे चालणे सारखे असते. वाट बंद झाल्यावर कोण वळतो आणि कोण लोटत राहतो, यात दोघांची ओळख पटते.

शिकण्याची हौस पहिल्या धड्याला सगळ्यांनाच असते. पहिल्या न कळलेल्या पानापाशी कोण बसून राहिले हे शिक्षकाच्या लक्षात राहते. मैत्रीतही असे एक पान येते. लग्नात ते लवकर येते.

मात्र बांधालाही मर्यादा हवी. शंभराचे हजार केले तर मनगट दुखेल आणि माणूस पट्टीचा नाद सोडील. हेतू कळावा एवढीच परीक्षा असावी. हेतू थकावा इतकी नसावी. हे माप चुकले की दोष परीक्षेचा असतो आणि शिक्का माणसावर बसतो. एकदा परत पाठवलेला अर्जदार पुन्हा आला नाही, तर त्याला गरज नव्हती असे समजले जाते. त्याच्याकडे दुसऱ्या दिवसाची रजा नव्हती, खरे एवढेच असते. रोजावर जगणाऱ्याचा हेतू शंभर पिक्सेलांत मोजता येत नाही. त्याच्याकडे लोटत राहायला वेळच नसतो.

पट्टी केव्हा यावी याचा जेवढा विचार झाला, तेवढा ती केव्हा जावी याचा झाला नाही.

डॅश टू डॉकमध्ये जाण्याआधीचा थांबा 0.2 सेकंदांचा आहे, म्हणजे येण्याआधीच्या थांब्याहून थोडा कमी. मला हे उलटे वाटते. येण्याआधी शंका असते. शंकेला पाव सेकंद पुरतो. आल्यानंतर नाते जुळलेले असते. बोलावलेली पट्टी समोर आहे, हात तिच्यावरच्या एखाद्या चिन्हाकडे निघाला आहे, आणि वाटेत बाण दोन पिक्सेल बाहेर पडला. एवढ्यावरून माणूस निघाला असे मानणे घाईचे आहे. चुकून आलेली पट्टी त्रास देते. चुकून गेलेली पट्टी दुखावते. पहिल्यात काम अडते. दुसऱ्यात आपले बोलावणे मोडले गेल्यासारखे वाटते.

जुन्या पंगतीतला चांगला वाढपी भात वाढून तडक पुढच्या पानाकडे वळत नसे. पानावर हात आडवा येतो का, हे पाहण्यापुरता तो थांबे. त्या थांबण्यात त्याचे सगळे शहाणपण असे.

अ‍ॅपलमध्ये 1980 च्या दशकाच्या मध्यात ब्रूस टॉग्नाझिनी यांनी उपमेनूसाठी एक नियम आखला होता. मुख्य मेनूतून उपमेनूकडे जाताना हात तिरका जातो. तिरका जाताना बाण शेजारच्या ओळीवर चढतो. काटेकोर यंत्र लगेच ती शेजारची ओळ उघडील आणि मूळचा उपमेनू मिटवील. टॉग्नाझिनी यांनी बाणाला पाचरीच्या आकाराची मोकळीक दिली. उपमेनू जवळ येईल तशी ही पाचर रुंदावते. म्हणजे जो जितका जवळ पोचला आहे त्याला तितके जास्त चुकता येते.

हा नियम मोठ्या मनाचा आहे. माणसांत तो उलटा चालतो. दूरच्याची चूक सहज सोडून दिली जाते. जो जवळ आला आहे त्याच्या चुकीला सर्वांत कमी क्षमा मिळते.

वेबपृष्ठांच्या सुगम्यतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे जून 2018 मध्ये सुधारली गेली, तेव्हा बाण नेल्यावर प्रकट होणाऱ्या मजकुरासाठी तीन अटी घातल्या गेल्या. बाण न हलवता तो मजकूर बाजूला सारता आला पाहिजे. बाण त्याच्यावर नेला तरी तो टिकला पाहिजे. वाचणाऱ्याने दूर करेपर्यंत, किंवा त्याचे कारण संपेपर्यंत, तो राहिला पाहिजे. नियम वेबपृष्ठांसाठी आहेत. आजाऱ्याच्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावेत असे आहेत.

लपलेली पट्टी पूर्ण लपत नाही. विंडोज तिची दोन पिक्सेलची कड पडद्यावर ठेवते. ती कड नसेल तर बाण टेकणार कशाला? जे संपूर्ण नाहीसे झाले त्याला बोलावता येत नाही. एकांतात गेलेली माणसेही एवढी कड बहुधा ठेवतात: एक फोन नंबर, एक शेजारी, उत्तर द्यायचे राहिलेले एक पत्र. ज्याने तीही ठेवली नाही त्याची काळजी करावी.

या दोन पिक्सेलांना दुसरीही बाजू आहे. विंडो पडदाभर पसरते तेव्हा ती कड तिच्याखाली झाकली जाऊ शकते. मग पट्टीला वर येण्याची वाट राहत नाही. म्हणून क्रोमियम ब्राउझर लिहिणाऱ्यांनी आपल्या कोडमध्ये दक्षता घेतली आहे. पट्टी लपवलेली असेल त्या कडेला ब्राउझर दोन पिक्सेल मागे सरतो. पाहणाऱ्याला हे कधी दिसत नाही. सगळी जागा व्यापण्याचा अधिकार ज्याला मिळाला आहे, त्याने न दिसणाऱ्यासाठी एवढे मागे सरावे लागते. ज्या घरात एकच माणूस पडदाभर असतो, तिथे बाकीचे याच दोन पिक्सेलांवर जगतात.

कधी पट्टी न बोलावता येते. एखाद्या प्रोग्रामला लक्ष हवे असते. त्याचे चिन्ह लुकलुकू लागते, आणि लपवलेली पट्टी वर येऊन तिथेच उभी राहते. त्या चिन्हावर क्लिक करेपर्यंत ती जात नाही. निकडीचा निरोप असेल तर हे योग्यच. पण निकड कोणाची, हे निरोप आणणारा ठरवतो. ज्याचे काम मोडले त्याचे मत कोणी घेतलेले नसते.

दुसऱ्याच्या संगणकावर बसले की हे सगळे आकडे हाताला कळतात. तिथे पट्टी आपल्या अंदाजाच्या आधी येते किंवा नंतर. हात अडखळतो. आपल्या यंत्रावर इतके दिवस काही जाणवत नव्हते याचा अर्थ तिथे थांबा नव्हता असा नाही. हाताने तो स्वतःत मुरवून घेतला होता. माणसे एकमेकांना असेच मुरवून घेतात. वियोग झाला की कोण किती थांबत असे याची मोजदाद होते.

सरासरीचा हात कोणाचाच नसतो. पाव सेकंद हे निरोगी, सरावलेल्या, घाईतल्या हाताचे माप आहे. वयाबरोबर तो हात बदलतो. कंप येतो. कडेला टेकलेला बाण कडेवर राहत नाही, वर-खाली होत राहतो. थांब्याची मोजणी प्रत्येक वेळी नव्याने सुरू होते. पट्टी येत नाही. आली तर कंपाबरोबर निघून जाते. शेजारी बसून हे ज्याने पाहिले आहे त्याला माहीत आहे की अशा वेळी माणूस यंत्राला दोष देत नाही. आपल्याला आता जमत नाही असे म्हणतो, आणि माउस पुढे सरकवून देतो.

हे टाळता येण्याजोगे आहे. डबल-क्लिकच्या दोन दाबांत किती अंतर चालेल, याचा आकडा विंडोजमध्ये मुळात 500 मिलिसेकंदांचा असतो. तो कमी-जास्त करण्याची सरकपट्टी माउसच्या सेटिंगमध्ये उघडपणे ठेवलेली आहे, एका टोकाला मंद आणि दुसऱ्या टोकाला जलद असे लिहून. ती हलवायला तज्ज्ञ लागत नाही. कीबोर्डसाठी फिल्टर कीज ही सोय विंडोज 95 मध्येच होती. तिच्यामुळे थरथरत्या बोटाचे ओझरते दाब मोजले जात नाहीत. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस सेंटरमध्ये झालेले काम तिच्यामागे होते. दाबणाऱ्या बोटाचा विचार इतक्या लवकर झाला. कडेला टेकणाऱ्या हाताचा झाला नाही.

विंडोजच्या सेटिंगमध्ये पट्टी लपवावी की नाही एवढेच विचारले जाते. मॅकमध्येही तेवढेच. तिथे या पट्टीला डॉक म्हणतात, आणि तिचा थांबा बदलायचा तर टर्मिनल उघडून आज्ञा लिहावी लागते. लिनक्सवरच्याच केडीईच्या प्लाझ्मा डेस्कटॉपमध्ये पडद्याच्या कडांसाठी मिलिसेकंदांचे दोन आकडे सेटिंगमध्येच मिळतात. हे त्यांनी चांगले केले आहे. उबुंटूने 2012 मध्ये लोटण्याच्या मापासाठी एक सरकपट्टी दिली होती, साध्या सेटिंगमध्ये, कमी आणि जास्त अशा शब्दांत. ऑक्टोबर 2017 मध्ये उबुंटू ग्नोमकडे वळले. नव्या सेटिंगमध्ये डॉक लपवण्याचे बटण आले, सरकपट्टी आली नाही. आकडे आत आहेत. ते बदलण्यासाठी पुन्हा आज्ञाच लिहावी लागते.

पर्याय कमी केले की माणसाचा गोंधळ कमी होतो, असा यामागचा युक्तिवाद असतो. पुष्कळ पर्यायांबाबत तो खराही आहे. रंग कोणता, चिन्ह केवढे, यावाचून कोणाचे अडत नाही. पण आपल्या हाताला किती वेळ द्यायचा हा आवडीचा प्रश्न नाही. तो ज्याच्या शरीराचा आहे त्याच्याच हाती असला पाहिजे.

आकडे दोनच आहेत. येण्याआधीचा थांबा आणि जाण्याआधीचा थांबा. ते कोडमधून आणि टर्मिनलमधून बाहेर काढून, माउसच्या डबल-क्लिकशेजारी, शून्यापासून निदान दोन सेकंदांपर्यंत सरकतील अशा दोन सरकपट्ट्यांत, प्रत्येक प्रणालीने ठेवावेत.